दोनशे तीन शुक्रवार आणि एक दाढ

जानेवारीतल्या त्या बुधवारी दाताच्या डॉक्टर मॅडमनी छोटा एक्सरे उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं एक काळी सावली दाखवली. खालच्या उजव्या बाजूची, शेवटून दुसरी दाढ. तिच्या मुळाच्या टोकाशी हाडात गोल खड्डा. मॅडमनी पट्टी लावून मोजला. नऊ मिलिमीटर.

माझी पत्नी शोभा खुर्चीत मागे टेकून बसली होती. उजवा गाल सुजलेला. मॅडमनी दुसऱ्या हातात तिच्या रक्ततपासणीचा कागद धरला होता. आदल्या दिवशी त्यांनीच ही तपासणी करायला लावली होती.

"एचबीएवनसी नऊ पॉइंट आठ आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दोनशे पस्तीसच्या आसपास. तुम्ही काल म्हणालात शुगर कंट्रोलमध्ये आहे."

मी पिशवीतून वही काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. चार वर्षांची वही. दर शुक्रवारी सकाळी सहा वाजता मी घरच्या यंत्रावर शोभाची साखर बघतो आणि लिहितो. दोनशे तीन नोंदी. सगळ्यांत कमी अठ्ठ्याण्णव, सगळ्यांत जास्त एकशे एकतीस, सरासरी एकशे चौदा. खाडाखोड एकही नाही. मी त्यांना सांगितलं की लॅबवाल्यानं काहीतरी घोळ केला असेल, पुन्हा रक्त द्यायला आम्ही तयार आहोत.

मॅडमनी आठ-दहा पानं उलटली. मग विचारलं, "नेहमी शुक्रवारीच का?"

"गुरुवारी हिचा उपास असतो. कडक. फक्त पाणी आणि बिनसाखरेचा चहा. डॉक्टरांनी आठ तास उपाशी राहून तपासा म्हटलं होतं. शुक्रवारी सकाळी हिला तीस तासांच्या वर झालेले असतात."

हे मी अभिमानानं सांगितलं, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. आठापेक्षा तीस तास जास्त चोख, असा माझा समज होता.

मॅडमनी वही मिटली. मग हळू म्हणाल्या, "काका, तुम्ही आठवड्यातला एकच दिवस मोजला. ज्या दिवशी त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं तो. बाकीचे सहा दिवस कुणी मोजलेच नाहीत."

मी शोभाकडे पाहिलं. ती एक्सरेकडे बघत होती.

*

ज्यांच्या घरात शुगरचा माणूस आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. मी कारंज्याच्या धान्य बाजारात मापारी आहे. सत्तावीस वर्षं लोकांचं सोयाबीन, तूर, हरभरा काट्यावर घालून वजन सांगतो. शेतकरी आणि व्यापारी दोघंही माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी बोललेला आकडा दोघंही मान्य करतात. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. पोत्याचं तोंड सोडून वरचा माल बघायचा नाही. पोकळ सळई खालपर्यंत खुपसून तळाचा दाणा बाहेर काढायचा. ओल, माती, खडा, सगळं तळाशी असतं. ही गोष्ट मी नव्या पोरांना शेकडो वेळा सांगितली असेल. घरी मात्र मी चार वर्षं पोत्याच्या तोंडाचाच दाणा बघत होतो.

आमचे शुगरच्या गोळ्या देणारे डॉक्टर सहा महिन्यांनी वही बघत. मागे दोनदा त्यांनी एचबीएवनसी करून घ्या असं सांगितलं होतं. मीच म्हटलं, एका आकड्याची काय गरज, माझ्याकडे एवढे आकडे आहेत. त्यांनी वही पाहिली आणि गोळी तीच ठेवली. दोष त्यांचा नाही.

आता दाढेचं सांगतो.

ऐन सोयाबीनच्या हंगामात शोभाची दाढ दुखायला लागली. त्या दिवसांत मी सकाळी सातला बाहेर पडतो आणि बाजार उठेपर्यंत घरचं तोंड बघत नाही. तिनं लवंग धरली, मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, शेजारणीकडून तंबाखूची नस, म्हणजे तपकीर, आणून हिरडीला घासली. अकरा दिवस दाढ दुखली. बाराव्या दिवशी आपोआप थांबली.

"गेलं दुखनं," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरं झालं." विषय संपला.

थांबणं ही वाईट बातमी असू शकते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मॅडमनी त्या बुधवारी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. दाताच्या आत जिवंत नस असते. कीड तिथपर्यंत पोचली की ठणका लागतो. मग नस मरते आणि ठणका बंद होतो. मेलेल्या नसेतले जंतू मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी पाठवतं. तिथे जी झुंज चालते तिला इन्फ्लमेशन म्हणतात, आपल्या भाषेत दाह. मुळाच्या टोकाभोवतीच्या या दाहाचं नाव पेरिएपिकल इन्फेक्शन. धडधाकट माणसाचं शरीर तिथे कुंपण घालून जंतू अडवून धरतं.

"आणि शुगरवाल्याचं?" मी विचारलं.

"रक्तात साखर सतत जास्त असली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात. जंतू मरत नाहीत. पण दाह मात्र चालूच राहतो, उलट जास्त भडकतो, आणि त्या दाहात आपलंच हाड विरघळतं. म्हणून खड्डा एवढा मोठा. दुसरं असं की हा पू अंगात असेपर्यंत शुगरही उतरत नाही. साखर दाह वाढवते, दाह साखर वाढवतो."

डिसेंबरात शोभाच्या हिरडीवर मुगाएवढी पुळी आली होती. दाबली की खारट पाणी यायचं आणि पुळी बसायची. तिनं मला सांगितलं होतं. मी पुळी आली ते दिवस कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवले होते. सहा गोल झाले. डॉक्टरकडे नेलं नाही. गोल करण्यातच मला काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

*

बुधवारी मॅडमनी दाढ वरून उघडली, थोडा पू काढला, अँटिबायोटिक लिहून दिलं. शुक्रवारी सकाळी शुगरच्या डॉक्टरांकडे जाऊन इन्शुलिन सुरू करायचं ठरलं. निघताना त्यांनी शोभाला बजावलं, "काकू, उद्या उपास नाही. वेळेवर जेवायचं, वेळेवर गोळ्या."

गुरुवारी शोभानं चूल पेटवली, मला भाकरी टाकून दिली आणि स्वतः चहा घेतला.

"अवं, मॅडम काय म्हन्ल्या?" मी म्हटलं.

"तोंडच उघडून नाई राह्यलं तं जेवू काय? येवढा एक होऊ द्या. पुढच्या गुरुवारपासून सोडीन."

मी ऐकलं. आग्रह केला नाही. उपास असला की ती गोळ्याही घेत नसे, हे मला माहीत होतं. मनात असंही आलं की उद्या शुक्रवार आहे, आपला आकडा बघू, मग मॅडमना दाखवू. ही माझी दुसरी चूक, आणि ती समजून-उमजून केलेली.

शुक्रवारी सकाळी सहाला मी तिच्या बोटाला सुई टोचली. यंत्रानं तीनशे अडतीस दाखवलं. पट्टी बदलून पुन्हा पाहिलं. तीनशे एकेचाळीस. पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर तिप्पट. तो दोनशे चौथा शुक्रवार. वहीत मी तो आकडा त्या दिवशी लिहिला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारची जागा कोरी राहिली.

सूज गालावरून गळ्यापर्यंत उतरली होती. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक. बोलताना जीभ जड येत होती आणि लाळ तोंडात राहत नव्हती.

साडेनऊला मॅडमनी दवाखाना उघडला. त्यांनी शोभाच्या दातांमध्ये पट्टी धरली. माणसाचं तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडतं. तिचं अकरा उघडलं. जीभ वर उचलली गेली होती.

"माझ्याकडे एक मिनिट थांबू नका," मॅडम म्हणाल्या. "अकोल्याला न्या. मी तिथल्या सर्जनना फोन करते. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. जबड्याखालच्या सगळ्या पोकळ्यांत पू भरतो आणि जीभ मागे ढकलली जाते. श्वासाची वाट बंद होऊ शकते."

आमच्या गल्लीतले सलीमभाई माल वाहतात. त्यांना फोन केला. दहा मिनिटांत ते भावाची कार घेऊन आले. चार पोती भरायला तासभर लावणारा माणूस. वाटेत ते एकसारखे बोलत होते, बहुतेक मी बोलू नये म्हणून.

"भाभी, आडवं नका होऊ. बसूनच राहा. भाऊ, तुमी मांगून धरा त्याईले. अन् काट्यावर पायल्यासारखं मीटरकडं नका पाहू. गाडी मी चालवून राह्यलो."

मी खरंच किलोमीटर मोजत होतो. शोभाच्या घशातून घरघर येत होती. मी घड्याळ धरून मिनिटाला किती श्वास हेही मोजलं. अठ्ठावीस. मग तीस. तिचा हात माझ्या हातात होता आणि मी मोजत होतो.

*

अकोल्यात दाखल होताना साखर चारशे बारा. लघवीत कीटोन, म्हणजे शरीराला साखर वापरता येत नाही म्हणून ते चरबी जाळतं आणि त्यातून आम्ल साठतं. सर्जननी मला एका बाकावर बसवून सांगितलं, "गळ्याला दोन ठिकाणी छेद द्यावा लागेल. श्वासाची नळी आधी, जागेपणीच घालू. शुगरमुळे पू किती खोल गेला असेल सांगता येत नाही. चोवीस तास काही बोलत नाही. सही करा."

मी सही केली. माझी सही सत्तावीस वर्षं एकसारखी येते. त्या कागदावरची मला नंतर ओळखता आली नाही.

दाढ काढली. जबड्याखाली एक छेद पाच सेंटिमीटरचा, एक तीनचा. साठ मिलिलिटर पू निघाला. आपल्या चहाचा छोटा कप भरेल एवढा. जखमा शिवल्या नाहीत, रबराच्या नळ्या ठेवून उघड्याच ठेवल्या.

आयसीयूच्या बाहेर लोखंडी खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या. आत सोडायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दहा-दहा मिनिटं. शोभाच्या तोंडात नळी, हात बांधलेले. डोळे उघडे असायचे पण ती बघते आहे का हे कळत नव्हतं. चोवीस तास झाले. सर्जन म्हणाले, "अजून चोवीस." ताप एकशे दोनवर अडला होता. इन्शुलिन शिरेतून चालू असूनही साखर अडीचशेच्या खाली येईना. मला मॅडमचं बोलणं आठवत होतं. साखर दाह वाढवते, दाह साखर वाढवतो.

दुसऱ्या दिवशी मालेगावहून शोभाची धाकटी बहीण रेखा आली. आत बघून आली आणि माझ्या शेजारी न बसता समोर उभी राहिली.

"भाऊजी, तुमी तं लय हिशेबी मानूस ना? मटकीचे दाने बी मोजून टाकनारे. मग माही बहीन कायले दिसली नाई तुमाले?"

मी वहीची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"दिवाळीले आली होती माह्याकडं. लाडू हातात घेतला अन् परत ठेवला. म्हने दाताले लागते. मी म्हन्लं दाखव डॉक्टरले. म्हने हंगाम आहे, यायले वेळ नाई. वेळ नाई!"

समोरच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला हात धरून बसवलं. रेखा बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. थोड्या वेळानं तिनंच डब्यातली पोळी काढून माझ्या हातात दिली. "खा. तुमालेही काही झालं तं तिले कोन पायन?" मी पोळी हातात धरून ठेवली.

मला तेव्हा आशा नव्हती, खोटं कशाला सांगू. लोक म्हणतात धीर सोडला नाही. मी सोडला होता. तिसऱ्या दिवशी मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याची सून माहेरी बाळंत झालेली, असं मी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला सांगून बसलो. त्याची बायको म्हणायचं होतं. इतकं डोकं चालत नव्हतं. मी मुलाला म्हटलं, "लवकर ये." तो म्हणाला, "किती लवकर?" तो त्याच दिवशी निघाला.

चौथ्या दिवशी ताप उतरला. श्वासाची नळी निघाली. पाचव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं.

*

सहाव्या दिवशी दुपारी शोभानं खुणेनं पेन मागितलं. बोलता येत नव्हतं. कागद शोधताना माझ्या हाताला पिशवीतली तीच वही लागली. मी शेवटचं पान उघडून दिलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि सरळ. अर्ध्या तासात तिनं आठ ओळी लिहिल्या. मधेमधे थांबून, छातीवर वही ठेवून.

तिनं लिहिलं होतं की दोन वर्षांपूर्वी माहेरी, कामरगावला, आरोग्य शिबिर होतं. मंगळवार होता. तिथे नर्सबाईनं तिची शुगर पाहिली. दोनशे अडुसष्ट. नर्सबाई म्हणाली घरी सांगा, गोळी वाढवून घ्या.

पुढे होतं: "मी सांगितलं नाई. तुमी चौकात चहाच्या ठेल्यावर सगळ्याईले सांगत होते, आमच्या घरी एकशे बारा. तुमचं तोंड खुलून जाये. मले वाटे शुक्रवारी तं चांगली येते ना. मग गुरुवार कधीच सोडला नाई."

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

चहाच्या ठेल्यावर मी खरंच सांगायचो. हमाल, अडते, कुणीही असो. कुणाच्या घरी शुगर निघाली की मी माझी वही सांगायचो. नियम असला की सगळं जमतं, असं म्हणायचो. शोभा समोरून भाजी घेऊन जाताना ते ऐकत असेल, हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही. बुधवारी मॅडमनी दिवस विचारला तेव्हा ती माझ्याकडे न बघता एक्सरेकडे का बघत होती, तेही मला त्या वॉर्डात कळलं.

चूक माझी होती असं मला तोपर्यंत वाटत होतं. ते सोसता येत होतं. तिला दोन वर्षं ठाऊक होतं आणि माझ्या तोंडावरचा आनंद जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली, हे सोसता येत नव्हतं. दोनशे तीन नोंदींपैकी निदान शंभर तरी तिनं मला समजून-उमजून दिल्या होत्या. जसा कुणी रोज ताट वाढून देतं तशा.

मी तिला विचारलं, "अवं, मी रागावलो असतो का?"

तिनं मान हलवली. नाही. मग पेन घेऊन एक ओळ वाढवली: "हिरमुसले असते."

*

अकराव्या दिवशी घरी आलो. इथे हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

सहा आठवड्यांनी जखमेतून पुन्हा पू यायला लागला. स्कॅनमध्ये जबड्याच्या हाडाचा तुकडा मेलेला दिसला. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडालाच लागलेली लागण. दुसरं ऑपरेशन झालं. मेलेलं हाड खरवडून काढलं, शेजारचे दोन दात गेले. हाडातून जाणारी संवेदनेची नस दुखावली. तेव्हापासून उजव्या बाजूला शोभाचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. पाणी पिताना हनुवटीवरून ओघळतं आणि तिला कळत नाही. मी माझ्या हनुवटीला बोट लावतो, मग ती पदरानं पुसते. चारचौघांत आम्ही हे इतकं सवयीनं करतो की कुणाला दिसत नाही.

भाकरी ती दुधात किंवा वरणात कुस्करून खाते. तीळगूळ, चकली, भाजलेले दाणे यांच्याकडे बघत नाही. लग्नकार्याला जात नाही. गळ्यावरच्या वणांवर पदर घेऊन बसते. आधी ती गल्लीत सगळ्यांत मोठ्यानं हसायची. सलीमभाई म्हणायचे, भाभी हसली की माह्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. आता ती हाताआड हसते, तेही क्वचित.

तपासणीत डाव्या बाजूच्या दाढेच्या मुळाशीही सावली निघाली. चार मिलिमीटर. तिथे कधीच दुखलं नव्हतं. मॅडमनी रूट कॅनाल केलं, म्हणजे मेलेली नस काढून मुळाची नळी साफ करून बंद केली. आता हाड आपणहून भरून यायला हवं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. शुगर असली की हळू भरतं. कधीकधी भरतच नाही."

सहा महिने झाले. गेल्या आठवड्यात एक्सरे काढला. मॅडमनी पट्टी लावली. चार मिलिमीटर. वाढली नाही, कमीही झाली नाही. एचबीएवनसी आठ पॉइंट एकवर आलंय, सातच्या खाली आणायचं आहे. मॅडम म्हणाल्या, वाढली नाही हेही काही कमी नाही. मला ते तसं मानता येत नाही. रस्त्यानं येताना शोभा म्हणाली, "ह्या बाजूचं बी गेलं तं मी जेवू कशानं?"

तुमच्यासाठी मला कळलेल्या गोष्टी लिहून ठेवतो. दाढ दुखायची आपोआप थांबली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. हिरडीवर पुळी येते-जाते ती साधी समजू नका. शुगर असेल तर दर सहा महिन्यांनी दात दाखवा, दुखो न दुखो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी टाळू नका. आणि घरी मोजत असाल तर जेवलेल्या दिवशीही मोजा. तपासताना घरच्या माणसाच्या तोंडाकडे बघा. तो आकड्याला भितो की तुम्हाला, ते शोधून काढा.

उपकार मानायचे तर त्या मॅडमचे, ज्यांनी एवढी मोठी वही समोर असताना फक्त वार विचारला. सलीमभाईंचे. आणि त्या म्हाताऱ्या बाईचे, जिनं रेखाला हात धरून बसवलं. तिचं माणूस आत वाचलं की नाही, हे मी विचारलंच नाही.

शोभानं गुरुवार सोडला आहे. देवाला नमस्कार करते आणि जेवते. साखर बघायचा दिवस आता ती ठरवते. मला आधी सांगत नाही. परवा बुधवारी जेवण होऊन दोन तास झाले होते. मी पेपर वाचत होतो. तिनं यंत्र आणून माझ्यापुढे ठेवलं आणि बोट पुढे केलं.

दोनशे एकेचाळीस.

ती यंत्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तोंड जसं होतं तसं ठेवायचा प्रयत्न केला. जमलं की नाही ठाऊक नाही. वही उघडून तारीख, वार, वेळ आणि आकडा लिहिला. मग मागची पानं उलटली; एक जागा अजून कोरी होती, जानेवारीतल्या त्या शुक्रवारची. तिथेही आठवणीनं तीनशे अडतीस लिहिलं.

"आता ठेल्यावर जाऊन कोनाले सांगसान?" ती म्हणाली.

"कोनालेच नाई."

"डॉक्टरले तं सांगा," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

मी माझ्या हनुवटीला बोट लावलं. तिनं पदरानं पुसलं.